लहान घरातील न्हाणी, संडास व नळकाम
(माण तालुक्यातील वाड्या-वस्त्यांवर स्वतः घर बांधणाऱ्या कुटुंबांसाठी)

स्वतःच्या हाताने घर बांधण्याची चाल माणदेशात नवी नाही. म्हसवडच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर दगड, माती व लाकूड यांची कितीतरी घरे घरच्या माणसांनीच एखाद्या गवंड्याला हाताशी धरून उभी केलेली आहेत. दगडमातीच्या जागी विटा, सिमेंट व पत्रा आले, तरी ही चाल टिकून आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) तर घर लाभार्थी कुटुंबानेच बांधावे, ठेकेदाराकडून बांधवून घेऊ नये, असा नियम ठेवण्यात आला. या घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठरविलेले आहे.

पूर्वी न्हाणी परसात असे व संडास बहुधा नसेच. आता ही दोन्ही घराच्या छपराखाली येत आहेत, ही इष्ट गोष्ट होय. वृद्ध माणसे, गरोदर स्त्रिया व आजारी यांना रात्री-अपरात्री बाहेर जाण्याचा त्रास त्यामुळे वाचतो. परंतु लहान घरात हे काम बिघडले, तर त्याचा उपद्रवही मोठा होतो. भिंतींना ओल येते, दुर्गंधी स्वयंपाकाच्या जागेपर्यंत पोचते, आणि मैल्याचा पाझर पिण्याच्या विहिरीत उतरला तर सारे कुटुंब, किंबहुना सारी वस्ती, रोगाला बळी पडते. यास्तव स्वतः घर बांधणाऱ्याने एक सूत्र ध्यानात ठेवावे. पाणी घरात कोठून आणावयाचे हे ठरविण्यापूर्वी ते घराबाहेर कोणत्या वाटेने व कोठे जाईल, हे ठरवावे. पुढील सर्व विवेचन या एका सूत्रावर आधारलेले आहे.

पाण्याचा हिशेब

म्हसवड हे माणगंगेच्या काठचे गाव असले, तरी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे या भागात वर्षाला सरासरी सुमारे ४५० ते ५०० मिलिमीटर एवढाच पाऊस पडतो. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरास ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. १८७६-७७ च्या दुष्काळात म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव दुष्काळी काम म्हणूनच हाती घेण्यात आला. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या आठवणीत आहे, आणि २०१२-१३ मध्ये म्हसवड येथे जनावरांची छावणी उघडावी लागली, हे तर तरुणांनीही पाहिलेले आहे. शहरातील न्हाणीघर जसेच्या तसे उचलून येथे बसविणे त्यामुळे परवडणारे नाही.

जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलेले आहे. त्यानुसार पाच माणसांच्या कुटुंबास दिवसाला २७५ लिटर पाणी लागेल. आता संडासापुरता हिशेब पाहावा. पाच माणसांनी मिळून दिवसातून दहा वेळा संडास वापरला असे धरल्यास, दर वेळी दहा लिटर पाणी सोडणाऱ्या जुन्या धर्तीच्या फ्लशच्या टाकीस दिवसाकाठी १०० लिटर पाणी लागते. तीव्र उताराच्या ग्रामीण भांड्यास दर वेळी दीड ते दोन लिटर पाणी ओतले तरी पुरते; म्हणजे तेच काम जास्तीत जास्त २० लिटरमध्ये होते. उरलेले ८० लिटर पाणी दुष्काळात एखादे खिल्लार जनावर जगविण्यास उपयोगी पडते.

छपराचे पाणीही या हिशेबात धरावे. २५ चौरस मीटर छपरावर वर्षात ४०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी पडते. पत्र्याच्या छपराला पन्हळ लावून त्यातील आठ हजार लिटरपर्यंत पाणी धरता येते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी धुळीचे असते. ते बाहेर सोडून द्यावे आणि त्यानंतरचे झाकणाच्या टाकीत घ्यावे. हे पाणी मृदु असल्यामुळे कपडे धुण्यास विशेष चांगले.

जोते भरण्यापूर्वीची आखणी

घराच्या पायाची आखणी फक्कीने करितात, त्याच वेळी न्हाणी, संडास, स्वयंपाकाची मोरी, खड्डे व नळ यांच्याही रेघा जमिनीवर मारून घ्याव्या. न्हाणी व संडास एकमेकांस लागून असावे आणि स्वयंपाकाची मोरी त्याच भिंतीच्या दुसऱ्या अंगास यावी. अशा रीतीने सर्व ओले काम एका भिंतीवर आले, म्हणजे नळाची लांबी व सांधे कमी होतात, खर्च वाचतो, आणि ओल आलीच तर ती घराच्या एकाच कोपऱ्यापुरती राहते. लहान घरास न्हाणी सव्वा मीटर चौरस आणि संडास ९० सेंटीमीटर रुंद व सव्वा मीटर लांब एवढी जागा पुरेशी होते. संडासाचे दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी घेरी येऊन पडल्यास दार उघडण्यास अडचण पडत नाही.

जोत्याच्या उंचीचा विचार याच वेळी होणे अगत्याचे आहे. संडासाच्या भांड्यापासून खड्ड्यापर्यंत जाणाऱ्या नळास १५ मीटरला १ मीटर या प्रमाणात उतार असावा. खड्डा साडेचार मीटरवर असल्यास नळाचे खालचे टोक वरच्या टोकापेक्षा ३० सेंटीमीटर खाली येते. त्यात भांडे व त्याखालील वाकडा नळ, ज्याला ट्रॅप म्हणतात, यांची उंची मिळवावी. ती दुकानातच मोजून घ्यावी. या बेरजेवरून जोते किती उंच हवे ते निघते. जोते अगोदर भरून मग उतार शोधू लागल्यास खड्डा नको तितका खोल न्यावा लागतो, व खोल खड्डा हा भूजलाच्या अधिक जवळ जातो.

उतार डोळ्यांच्या अंदाजाने धरू नये. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन ठिकाणी धरल्यास पाण्याची पातळी दोहोंकडे सारखी राहते. त्या पातळीपासून खाली मोजून उतार अचूक काढता येतो. गवंड्याजवळ हे साधन असतेच.

संडासाचे भांडे व दोन खड्डे

साधे भांडे व ग्रामीण भांडे यांत दिसण्यात फारसा फरक नसला, तरी गुणात मोठा फरक आहे. ग्रामीण भांड्याचा उतार सुमारे २५ ते २८ अंशांचा असतो व त्याच्या ट्रॅपमध्ये २० मिलिमीटर पाणी राहते. या पाण्याच्या पडद्यामुळे खड्ड्यातील वास व माश्या वर येत नाहीत, आणि पडदा उथळ असल्यामुळे थोड्या पाण्यात मैला पुढे जातो. भांडे विकत घेताना ट्रॅपसह घ्यावे व दुकानातच त्यात पाणी ओतून पडदा नीट राहतो की नाही ते पाहावे.

मैल्यासाठी दोन खड्डे असावे. पाच माणसांच्या कुटुंबास आतून १ मीटर व्यासाचा व नळाच्या तोंडाखाली १ मीटर खोलीचा खड्डा सुमारे तीन वर्षे पुरतो. दोन खड्ड्यांमध्ये निदान १ मीटर अंतर ठेवावे. नळ व खड्डे यांच्यामध्ये विटांची लहान पेटी बांधून तिच्यातून दोन फाटे काढावे व एक फाटा विटेने बंद ठेवावा. एका वेळी एकच खड्डा वापरावयाचा. तो भरला म्हणजे फाटा बदलावा आणि भरलेला खड्डा दोन वर्षे तसाच राहू द्यावा. खड्डा बदलल्याची तारीख संडासाच्या भिंतीवर लिहून ठेवावी.

खड्ड्याचे बांधकाम विटांचे, जाळीदार करावे. एका आड एक थरात पाच-पाच सेंटीमीटरची भोके ठेवावी. नळाच्या तोंडापासून वरचे बांधकाम मात्र भरीव असावे. सर्वसाधारण जमिनीत तळ सिमेंटने बंद करू नये, कारण पाणी जमिनीत जिरणे हेच या खड्ड्याचे काम होय. वायूही जमिनीतच शोषला जातो, म्हणून वायुनळाची गरज नसते. झाकणाचा स्लॅब दोन तुकड्यांत ओतावा व तो जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर उंच ठेवावा, म्हणजे वळवाचे पाणी आत शिरणार नाही.

जमिनीच्या प्रकाराप्रमाणे या बांधकामात फरक करावा लागतो. नदीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. तेथे खड्ड्याच्या बाहेरून सर्व बाजूंनी ३० सेंटीमीटर जाडीचा वाळू व बारीक खडी यांचा थर भरावा. माळावर थोड्या मुरमाखाली काळा खडक लागतो. खडकात भेगा असतील तर मैल्याचे पाणी न गाळता लांबवर जाते. अशा जागी तळ सिमेंटने बंद करून खड्ड्याभोवती अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा थर द्यावा. कोणत्याही जमिनीत खड्डे विहिरीपासून अथवा विंधनविहिरीपासून निदान १५ मीटर दूर व उताराच्या बाजूस असावे. वरच्या अंगास खड्डे व खालच्या अंगास विहीर ही रचना कधीही करू नये. शेजाऱ्याची विहीरही या मोजमापात धरावी.

दोन वर्षे विसावा मिळालेल्या खड्ड्यातील मैल्याची माती होते. ती कोरडी, भुसभुशीत असून तिला घाण येत नाही. हे खत फळझाडांच्या आळ्यात किंवा पेरणीपूर्वी शेतात घालावे. कच्च्या खाण्याच्या भाज्यांना घालू नये. घरच्या माणसांना हे काम फावड्याने सहज करता येते. कणकवली येथे १९४८ साली गोपुरी आश्रम स्थापन करणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी संडास व शेतीचे खत यांची सांगड घालून दाखविली, ती मैला वाहण्याच्या अमानुष कामातून माणसाची सुटका व्हावी म्हणून. पुणे जिल्ह्यात देहू येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेले डॉ. मापुसकर यांनीही ग्रामीण संडासाच्या प्रसारास आयुष्य वाहिले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. हाताने मैला साफ करण्यासाठी माणूस लावण्यास कायद्याने बंदी आहे. दोन खड्ड्यांच्या संडासात तशी वेळच येत नाही. सेप्टिक टाकी बांधलेली असल्यास तिच्यात कोणीही कधीही उतरू नये. आत साचलेल्या विषारी वायूने उतरणारा आणि त्याला वाचविण्यास जाणारा, असे दोघेही दगावतात.

न्हाणीचा कोबा व सांडपाणी

न्हाणीचे पाणी संडासाच्या खड्ड्यात कधीही सोडू नये. खड्डा पाण्याने भरून जातो, मैला कुजत नाही व तीन वर्षे चालणारा खड्डा काही महिन्यांतच निकामी होतो. न्हाणी व मोरी यांचे पाणी स्वतंत्र नळाने परसात न्यावे.

न्हाणीची जमीन घराच्या जमिनीपेक्षा ५ सेंटीमीटर खाली ठेवावी व जाळीकडे मीटरला २ सेंटीमीटर उतार द्यावा. जाळीखाली ५ सेंटीमीटर पाणी राहील असा नहाणी ट्रॅप बसवावा. जमीन व भिंत यांच्या कोपऱ्यांना सिमेंटची गोलाई करावी, आणि भिंतींना निदान १ मीटर उंचीपर्यंत सिमेंटचा घोटीव गिलावा द्यावा. शहाबादी फरशी बसविण्यापूर्वी कोब्याची परीक्षा घ्यावी. जाळी बोळ्याने बंद करून न्हाणीत तीन-चार सेंटीमीटर पाणी भरावे, पातळीवर कोळशाने खूण करावी आणि एक दिवस वाट पाहावी. पाणी स्पष्टपणे उतरले, किंवा बाहेरील भिंतीस ओल दिसली, तर दोष तेव्हाच दुरुस्त करावा. फरशी बसल्यावर तोच दोष काढावयास सारी न्हाणी उखडावी लागते.

पाच माणसांच्या घरातून आंघोळ, कपडे व भांडी यांचे मिळून दीडशे लिटरच्या आसपास सांडपाणी रोज निघते. कोरडवाहू भागात एवढे पाणी वाया घालविणे योग्य नाही. मोरीच्या पाण्यातील खरकटे व तेलकटपणा अडविण्यासाठी बुडाला भोके पाडलेल्या मडक्यात नारळाच्या शेंड्या भरून ते पाणी त्यातून गाळावे. शेंड्या आठ-पंधरा दिवसांनी बदलाव्या. गाळलेले पाणी चरातून शेवगा, पपई, केळी, लिंबू यांच्या मुळाशी द्यावे. वाटेत कर्दळ व अळू लावल्यास पाणी साचत नाही. साबणातील क्षारांमुळे, विशेषतः काळी जमीन, कालांतराने चिकट व घट्ट होते. म्हणून दोन-तीन चर करून पाणी आळीपाळीने फिरवावे, पाचटाचे आच्छादन द्यावे व कंपोस्ट घालीत राहावे. मेथी, कोथिंबीर, मुळा यांसारख्या भाज्यांना हे पाणी देऊ नये. पावसाळ्यात जादा होणाऱ्या पाण्यासाठी १ मीटर लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा घ्यावा. तळाशी मोठे दगड व वर क्रमाने लहान दगड भरावे.

टाकी व नळ

बाहेर जाण्याची वाट अशी पक्की झाल्यावर मग आत येणाऱ्या पाण्याकडे वळावे. ५०० लिटरची टाकी पाच माणसांना पावणेदोन दिवस पुरते. भरलेल्या टाकीतील पाण्याचेच वजन ५०० किलोग्रॅम होते, म्हणून ती पत्र्यावर अथवा कच्च्या भिंतीवर ठेवू नये. न्हाणी व संडास यांवर काँक्रीटचा लहान स्लॅब टाकून त्यावर ती ठेवणे सर्वांत सोयीचे. टाकी तेथे आल्याने नळही आखूड होतो.

टाकीतील पाण्याला दाब तिच्या उंचीमुळे येतो. १० मीटर उंचीस एक चौरस सेंटीमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम एवढा दाब मिळतो. टाकीचा तळ तोटीच्या दोनच मीटर वर असेल तर दाब त्याच्या पाचवा हिस्साच राहणार. एवढ्या दाबावर बादली भरते. शॉवर मात्र मंद चालतो. हे जाणून शॉवरवर पैसे खर्चावे की नाही, ते ठरवावे. कमी दाबाची भरपाई नळाच्या जाडीने करावी. टाकीतून उतरणारा नळ एक इंची, फाटे पाऊण इंची व तोटीजवळचा तुकडा अर्धा इंची असावा. नळाला मध्येच उंचवटा देऊ नये. त्यात हवा अडकून पाणी थांबते. टाकीखाली एक, आणि न्हाणी, संडास व मोरी यांना प्रत्येकी एक बंद करण्याची चावी ठेवावी, म्हणजे एक तोटी बिघडली असता सारे घर कोरडे पडत नाही.

नळ जोडणे व परीक्षा

जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ अद्याप मिळतात, पण जड पाण्याने ते आतून गंजतात व चोंदतात. प्लास्टिकचे नळ घरच्या माणसांना जोडता येतात. साध्या पीव्हीसीचे नळ थंड पाण्यासाठी वापरावे; गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीचेच घ्यावे. नळाचा प्रकार व त्याचा चिकट द्राव एकाच जातीचे असावे.

नळ करवतीने काटकोनात कापावा, कड कानशीने साफ करावी, टोक व सांधा फडक्याने कोरडे पुसावे. दोहोंना द्राव पातळ लावून नळ पाव वळसा देत आत पूर्ण बसवावा व अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवावा. तोटी बसते तेथे पितळी आट्यांचा सांधा वापरावा. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी तोटी फिरते त्याच दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळल्यास ती आवळताना सुटते. उन्हात राहणाऱ्या पीव्हीसी नळाला रंग द्यावा, नाहीतर माणदेशच्या उन्हाने तो ठिसूळ होतो.

भिंतीतील नळ गिलाव्याने झाकण्यापूर्वी परीक्षा घेणे हे या कामातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. द्राव वाळण्यास डब्यावर लिहिलेला वेळ द्यावा, मग सर्व तोंडे बुचांनी बंद करून टाकी भरावी आणि एक दिवस व एक रात्र तशीच ठेवावी. प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवून पाहावा. ओल लगेच कळते. परीक्षा झाल्यावर भिंतीतील नळांचा नकाशा मोजमापांसह वहीत काढून ठेवावा. पुढे खिळा ठोकताना तो उपयोगी पडतो.

गरम पाणी व मोकळी हवा

लहान न्हाणीत पेटता बंब अथवा गॅसचा गिझर ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे. कोंडलेल्या जागेत जळणातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणारे माणूस काही कळण्यापूर्वीच बेशुद्ध पडते व मृत्यू पावते. बंब नेहमी उघड्यावर पेटवावा व गिझर न्हाणीबाहेर बसवून केवळ गरम पाण्याचा नळ आत घ्यावा. न्हाणीस वर व खाली अशी दोन झरोके असावीत. विजेच्या गिझरला भूमिवाहक तार जोडल्याशिवाय तो वापरू नये. माणदेशात ऊन भरपूर असल्यामुळे सूर्यचूल व सौरबंब यांचाही विचार करण्याजोगा आहे.

निगा

टाकीचे झाकण घट्ट असावे व साठवणीची लहान भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी. डेंगीचे डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतात. संडासात राख, प्लास्टिक अथवा कापडाच्या घड्या टाकू नयेत. फिनेल व ॲसिड यांमुळे मैला कुजविणारे जंतू मरतात, म्हणून भांडे ब्रश व थोड्या साबणाने धुवावे. ठिबकणाऱ्या तोटीचा वॉशर त्याच दिवशी बदलावा.

सारांश

१. सांडपाणी व मैला यांची वाट पाया आखतानाच ठरवावी.
२. न्हाणी, संडास व मोरी एकाच भिंतीवर आणावी.
३. ग्रामीण भांडे व आळीपाळीचे दोन खड्डे वापरावे. विहिरीपासून निदान १५ मीटर अंतर ठेवावे.
४. न्हाणीचे पाणी खड्ड्यात न सोडता फळझाडांस द्यावे.
५. कोबा व नळ यांची परीक्षा फरशी व गिलावा करण्यापूर्वी घ्यावी.
६. पेटता बंब व गॅसचा गिझर न्हाणीत ठेवू नये.

काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीत अथवा नगरपरिषदेत जाऊन घरकुल व शौचालय यांच्या अनुदानाचे चालू नियम विचारून घ्यावे, आणि खड्ड्यांच्या जागा फक्कीने आखून त्या शेजाऱ्यांनाही दाखवाव्या. जमिनीखालचे पाणी सर्व वस्तीचे असते. त्याची काळजी घेण्याची जबाबदारी घर बांधणाऱ्यावर प्रथम येते.